मूळ उपटण्याचा अधिकार

धंद्यावरून मनुष्य लहान-मोठा ठरत नाही, हे आपल्या संतमंडळीकडे पाहिले म्हणजे सहज कळते. कुणी कुंभार, कुणी सोनार, कुणी शिंपी, कुणी माळी. ज्याने त्याने आपले काम सांभाळून नाम घेतले. पण काळ पालटला की नवे धंदे निघतात, आणि नव्या धंद्याबरोबर नव्या शंकाही येतात. सोलापूर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत भाड्याने ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ तरुण तयार झाले आहेत. नांगरट, पेरणी, मळणी ही कामे ते करतातच. पण त्याखेरीज झाडे ओढून पाडणे, बुडखे उपटणे, जुन्या बागा मोडणे, हेही काम त्यांच्याकडे येते. यांतल्या कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. त्यांच्या तोंडून एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो, तो असा: 'पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून आम्ही जपतो, आणि दिवसभरात अख्खी बाग मुळासकट काढतो. हे माळकऱ्याला चालतं का?'

प्रश्न खरा आहे आणि पोटापाण्याशी निगडित आहे. तो हसण्यावारी नेऊन भागणार नाही. तेव्हा त्याचा जरा नीट विचार करू.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, झाड तोडणे आणि झाडाचे मूळ काढणे ही दोन निरनिराळी कर्मे आहेत. लिंब तोडला, चिंच तोडली, तरी बुडख्याला पाऊस लागला की धुमारे फुटतात. दोन-चार वर्षांत त्यांतलाच एखादा जोमाने वर येतो आणि पुन्हा सावली धरतो. म्हणजे कुऱ्हाडीने झाडाचा देह पडतो, पण त्याची आशा शिल्लक राहते. मूळ उपटले की तीही संपली. त्या जागी तेच झाड पुन्हा कधी उभे राहायचे नाही. म्हणून तोडणाऱ्यापेक्षा उपटणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे आधीच कबूल केले पाहिजे. आपल्या बोलण्यातही 'मुळावर उठणे' हा शब्दप्रयोग आपण फार वाईट अर्थाने वापरतो, तो काही उगाच नव्हे.

आता हे काम पूर्वी कसे होत असे ते पाहा. बुंध्याभोवती कुदळीने रिंगण खणायचे, आडव्या मुळ्या उघड्या करून एकेक कुऱ्हाडीने तोडायची, पहारीने माती मोकळी करायची, मग दावी लावून बैलांनी ओढायचे. काळ्या रानात माती ओली असली तर काम सोपे. मुरमाच्या रानात हात सोलून निघायचे. सोटमूळ खोल गेलेले असले तर चार गडी असूनही दोन-तीन दिवस एका लिंबापाशी मोडायचे. म्हणून शेतकरी शक्यतो बुडख्याच्या वाटेला जातच नसे. नांगर त्याला वळसा घालून जायचा, आणि तो बुडखा तसाच वर्षानुवर्षे रानात बसून राहायचा.

ट्रॅक्टर आला आणि हे सगळे पालटले. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा साधा ट्रॅक्टर असला तरी त्याच्या मागच्या तीन दांड्यांना, म्हणजे ज्याला मंडळी 'थ्री पॉइंट' म्हणतात त्याला, जाड दात्यांचा लोखंडी काटा जोडता येतो. तो काटा बुडख्याच्या बुडाशी घालायचा आणि हायड्रोलिकच्या जोराने उचलायचा. दुसरी रीत साखळदंडाची: बुंध्याला वेढा घालायचा आणि सगळ्यांत हळू गिअरमध्ये ओढायचे. तिसरे यंत्र बुडखा उपटत नाही, किसून काढते. ट्रॅक्टरच्या मागच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या घेणाऱ्या पीटीओ दांड्याच्या जोरावर दातेरी चक्र फिरते आणि जमिनीच्या पातळीखाली वीतभर खोलपर्यंत लाकडाचा भुगा करते. खालच्या मुळ्या जागच्या जागी कुजतात. विहिरीजवळ, भिंतीजवळ हे बरे, कारण जमीन हलत नाही. आणि यांतले काहीच नसेल तर गावोगाव जेसीबी आहेच. पूर्वीचे तीन दिवसांचे काम आता अर्ध्या तासावर आले.

जाणते ड्रायव्हर यात दोन गोष्टी सांभाळतात. झाड मुळासकट काढायचे असले तर बुंधा आधी जमिनीलगत कापत नाहीत. छातीइतका खांब ठेवतात, म्हणजे त्याची तरफ होते आणि मूळ हलते. आणि साखळी ट्रॅक्टरला बांधताना नेहमी खालच्या ओढपट्टीला बांधतात, वर कधी नाही. साखळी आसाच्या वर बांधली आणि मूळ हटले नाही, तर चाक जागीच राहते आणि इंजिनाचा सगळा जोर पुढची बाजू उचलण्यात जातो. ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो इतक्या लवकर उलटतो की दीड सेकंदाच्या आत सगळे आटोपते. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. साखळी तुटून आली तर गोळीसारखी येते. म्हणून बघ्यांना, विशेषतः पोरांना, साखळीच्या लांबीच्या दुप्पट तरी लांब उभे करावे. झाडाच्या हिंसेचा विचार करणाऱ्याने माणसाच्या हिंसेचा विचार त्याआधी करायला हवा. आपल्या हाताखालच्या गड्याचा जीव संभाळणे हाही त्या धंद्यातला धर्मच आहे.

आता काहीजण म्हणतात की, सारा दोष यंत्राचा. यंत्र आले आणि माणूस निर्दय झाला. हे म्हणणे आम्हाला पटत नाही. यंत्राने पुष्कळ चांगलीही कामे केली आहेत. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या लाखो एकर काळ्या रानात कांस माजले होते. त्याच्या मुळ्या इतक्या खोल की बैलाच्या नांगराला त्या निघेनात, आणि रान पडीक राहिले. देशात धान्याची तूट होती, धान्य परदेशातून आणावे लागत होते. तेव्हा केंद्र सरकारने ट्रॅक्टरांचे वेगळे खाते उभे केले, १९४९ साली जागतिक बँकेकडून त्या कामासाठी कर्जही घेतले, आणि मोठाले ट्रॅक्टर आणून ती मुळे उलथून टाकली. त्या रानात पुन्हा गहू पिकू लागला. मूळ उपटूनच लोकांच्या पोटात अन्न गेले. तेथे कोणी 'हिंसा झाली' असे म्हणेल काय? शेतकऱ्याचे खुरपे तरी दुसरे काय करते? आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील अरण येथे सावता महाराजांची समाधी आहे. मळ्यातच त्यांनी आपली भक्ती केली. मळा म्हटला की खुरपणी आली, आणि खुरपणी म्हणजे नको त्याचे मूळ काढून हवे त्याला जागा करून देणे. माळ्याचा हात उपटतो आणि लावतो, दोन्ही करतो. तेव्हा उपटणे हे कर्म मुळातच पाप, असे कोणी धरून बसू नये.

दुसऱ्या बाजूने काही ट्रॅक्टरवाले म्हणतात, 'आम्ही काय, भाड्याचे धनी. झाड त्याचं, रान त्याचं, हुकूम त्याचा. आमचं फक्त डिझेल आणि तास.' हे म्हणणे वरवर बरोबर दिसते, म्हणून ते जरा तपासून पाहू. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वर महाराजांनी त्यांचे विस्ताराने विवरण केले आहे. त्यात करण म्हणजे इंद्रिये. ट्रॅक्टर म्हणजे तरी काय? हाताला साखळी जोडली आणि दंडात पन्नास घोड्यांचा जोर भरला. आपल्या इंद्रियांचेच ते लांबवलेले रूप. म्हणजे यंत्र पाचांपैकी एका कारणात मोडते. सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही, कारण चार कारणे अजून शिल्लक आहेत, आणि त्यांत कर्ता आहे.

यावर एखादा चतुर गृहस्थ म्हणेल, 'त्याच अध्यायात असेही सांगितले आहे ना, की जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही? मग मी कर्ता नाहीच.' बरोबर आहे. पण तो उपदेश अहंकार सोडण्यासाठी आहे, जबाबदारी सोडण्यासाठी नव्हे. याची एक साधी कसोटी आहे. संध्याकाळी भाड्याचे पैसे मोजताना 'हे माझे नव्हेत, दैवाचे आहेत' असे ज्याला म्हणता येते, त्याने खुशाल म्हणावे की झाडही मी उपटले नाही. भाडे माझे आणि पाप इंजिनाचे, अशी वाटणी देवाच्या दारी होत नाही. ज्या प्रमाणात फळ घ्यायचे, त्या प्रमाणात कर्मही आपले. रान ज्याचे त्याचा वाटा मोठा हे खरे. पण ट्रॅक्टरवाल्याचा वाटा शून्य नाही. आणि शून्य नाही म्हणूनच त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकारही आहे. हा अधिकार पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

तर आता कोणते मूळ काढावे आणि कोणते काढू नये, हे आपल्या जिल्ह्यातल्याच उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण डाळिंबाचे. सांगोले, पंढरपूर, मंगळवेढे हा पर्जन्यछायेतला मुलूख. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने येथल्या कित्येक घरांना हात दिला. मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली. २००५ साली सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले, २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच बागांवर तेल्या आला, मर आली, आणि पुढे खोडाला सुईच्या टोकाएवढी भोके पाडणारा किडा आला. पावसाने जास्त जोर केला त्या वर्षांनंतर तर उभ्या बागा वाळल्या, आणि सांगोल्याकडे शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर, जेसीबी लावून बागांमागून बागा काढल्या. लेकराप्रमाणे वाढवलेले झाड स्वतः उभे राहून उपटवून घ्यायचे, हे पाहणाऱ्यालाही सोसत नाही.

तरीसुद्धा येथे उपटणे हाच धर्म आहे असे आम्ही म्हणतो, आणि त्याला कारण आहे. मर रोगाची बुरशी मातीतून आणि मुळाला मूळ लागून पसरते. वरून झाड कापले आणि बुडखा तसाच ठेवला, तर रोगाचे घर जमिनीत शाबूत राहिले. शेजारच्या निरोगी झाडाची मुळी तेथे पोचली की तेही गेले, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची बाग असली तर तीही धोक्यात आली. म्हणून जाणकार सांगतात की मेलेले झाड मुळासकट काढावे, रानाबाहेर नेऊन जाळावे, रोगट आणि निरोगी यांच्यामध्ये चर मारावा, आणि त्याच खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नये. येथे मूळ ठेवणे ही दया नव्हे, आळस आहे. आणि त्या आळसाचा भुर्दंड शेजाऱ्याला बसतो. मात्र तेल्याची गोष्ट वेगळी. तो पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीने, रोगट गुटी कलमांनी पसरतो, आणि छाटणी, स्वच्छता, बागेला विश्रांती यांनी तो पुष्कळदा आटोक्यात येतो. तेव्हा डाग दिसला की लगेच ट्रॅक्टर बोलावला, असेही होऊ नये. आधी जाणत्याला दाखवावे. औषध संपल्यावर शस्त्रक्रिया, हा क्रम वैद्यही पाळतो.

दुसरे उदाहरण वेड्या बाभळीचे. हे झाड आपल्या देशातले नव्हे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत त्याचे मूळ ठिकाण. आपल्याकडे ते एकोणिसाव्या शतकात, १८७७ च्या सुमारास आणले गेले, तेही चांगल्याच हेतूने: सरपण मिळावे, ओसाड जमीन हिरवी दिसावी. शेळ्यामेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी सर्वत्र गेले, आणि आता ओढे, नदीकाठ, गायराने तिने व्यापली. ती वरून कितीही तोडा. तिचे डोळे जमिनीखालच्या गड्ड्याला असतात, तेथून दहा फांद्या वर येतात. तो गड्डा निघाला तरच ती जाते. तमिळनाडूत तर २०१७ साली हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापर्यंत गेला होता. अशा झाडाचे मूळ ट्रॅक्टरने काढले तर त्यात दोष मानू नये. पण तेथेही एक गोष्ट विसरू नये. याच बाभळीचे सरपण कितीतरी गरिबांच्या चुलीत जळते, काही कुटुंबे तिचा कोळसा पाडून पोट भरतात. गायरान साफ करायचे तर लाकूड आधी त्यांना नेऊ द्यावे, काम त्यांच्या हातांना द्यावे. मूळ झाडाचे निघावे, माणसाचे निघू नये.

याच्याच जोडीला नान्नजचे उदाहरण आहे, आणि ते विचार करायला लावणारे आहे. सोलापुरापासून जवळच नान्नजला माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ साली झाले. माळढोक हा उघड्या गवताळ माळावरचा पक्षी. त्याला चहूकडे लांबवर दिसले पाहिजे. ओसाड दिसणाऱ्या माळावर झाडे लावावीत या सद्हेतूने तेथे गिरिपुष्पाची लागवड झाली, आणि त्या झाडीनेच पक्ष्याचा मोकळा माळ खाल्ला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. बघा, झाड लावणे हे पुण्य असे आपण सरसकट म्हणतो. पण कोणाच्या घरात लावतो, हेही पाहावे लागते. माळ ओसाड आहे असे आपल्याला वाटते; ज्याचे ते घर आहे त्याला तसे वाटत नाही. जे झाड नुसते लावल्याने दुसऱ्याचे घर मोडते, ते काढणे हे प्रायश्चित्तच.

तिसरे उदाहरण बांधावरच्या झाडाचे. याविषयी आम्ही स्पष्टच लिहितो. बांधावरचा लिंब किंवा चिंच ही दोन रानांची साक्षीदार असते. वाटणीचा तंटा लागला की एक जण रातोरात ट्रॅक्टर लावून ते झाड काढून टाकतो, सकाळी नांगर फिरवतो, आणि बांध हातभर सरकतो. कधी सावलीमुळे चार ओळी ज्वारी कमी येते म्हणून, कधी निव्वळ भाऊबंदकीच्या त्वेषाने. पूर्वी असे मनात आले तरी तीन दिवस खणावे लागे. तीन दिवसांत कोणीतरी जाणता म्हातारा येऊन विचारी, 'अरे, काय चाललंय?' आणि खणणाऱ्याचाही राग घामाबरोबर उतरे. आता राग उतरायच्या आत काम उरकते. हे मूळ कधीही काढू नये. आणि रात्रीचे काम सांगणाऱ्याकडे माळकरी ट्रॅक्टरवाल्याने जाऊ नये, दुप्पट भाडे दिले तरी. जे काम उजेडात सांगता येत नाही, त्याची परीक्षा तेथेच झाली.

चौथे उदाहरण सगळ्यांत अवघड आहे, कारण ते आपल्याच पायांशी आले आहे. पालखीमार्गाचे आम्ही बोलत आहोत. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३०. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट, अशी योजना. रस्ता अरुंद, वाहने भरधाव, दिंडीत माणूस दाटलेला. अपघाताचे भय आपणा सर्वांच्या मनात होते. रस्ता रुंद व्हावा अशी इच्छा कोणाची नव्हती? पण त्या रुंदीसाठी जुने वड, लिंब, चिंचा काढाव्या लागल्या. ज्यांच्या सावलीला पिढ्यान्‌पिढ्या दिंड्या टेकल्या, भाकरी सोडल्या, म्हाताऱ्यांनी पाय पसरले, ती झाडे यंत्राने ओढून निघाली. आणि ती आपल्यासाठी निघाली. येथे 'सरकारने केले' म्हणून मोकळे होता येत नाही. त्या रस्त्यावरून जो जो चालतो, तो तो त्या कर्माच्या फळाचा वाटेकरी आहे. मघाशी ट्रॅक्टरवाल्याला जी कसोटी लावली, ती आता आपल्याला लावून घ्यावी लागते.

मग ते करू नये होते काय? असे आम्ही म्हणत नाही. चालत्या माणसाचा जीव झाडापेक्षा मोलाचा आहे. पण जे दुसरा उपाय नाही म्हणून करावे लागते, ते उत्सव म्हणून करू नये. त्याचे ऋण मानावे. आपल्या पूर्वजांनी हा विवेक लिहून ठेवला आहे. अशोकाने आपल्या स्तंभलेखात, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविले, असे कोरून ठेवले. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय आहे. तेथे ते बजावतात की आंबे, फणस यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जोर करू नये. राज्याला जहाजे हवी होती, तरीही हा विचार होता. आपल्या राज्यातही १९६४ च्या झाडतोड कायद्याने आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस अशी झाडे खासगी रानातही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांपुरत्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन, पन्नास वर्षे आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष मानावे, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, असे ठरले. हा हिशेब आम्हाला फार आवडला. ऐंशी वर्षांच्या लिंबाला ऐंशी रोपे. कायदा शहराचा असला तरी वारकऱ्याने तो आपण होऊन गावीही पाळावा.

वडाच्या बाबतीत तर आणखी सोय आहे. त्याची जाड फांदी ओल्या मातीत रोवली तरी मूळ धरते. जे यंत्र वड उपटते, तेच यंत्र त्याला मातीच्या गड्ड्यासकट उचलून दुसरीकडे उभेही करू शकते. पुढे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस मात्र हवा. यंत्र उचलून देते, पाणी घालत नाही. दरेक दिंडीने आपल्या मुक्कामाच्या गावाशी बोलून पाच वड पत्करले आणि पाच वर्षे त्यांच्या पाण्याची सोय केली, तरी मार्गाचे ऋण फिटायला सुरुवात होईल. रोप लावून छायाचित्र काढणारे पुष्कळ मिळतात. चैत्र-वैशाखात घागर नेणारा मिळत नाही. ती घागर हीच खरी सेवा.

या सगळ्याचे सार इतकेच निघते. जुन्या काळी मूळ काढण्यात जे कष्ट होते, त्यांनी माणसाला विचार करायला तीन दिवस दिले होते. यंत्राने कष्ट नेले, हे उत्तम झाले. गड्याच्या पाठीचा भार हलका झाला, यात वाईट काय? पण कष्टाबरोबर ते तीन दिवसही गेले. विचाराची ती सवड यंत्र देणार नाही. ती आता आपण होऊन ठेवली पाहिजे. म्हणून ट्रॅक्टर चालवणाऱ्या माळकऱ्यांना आमचे सांगणे असे. काम सांगायला कोणी आला की लगेच साखळी टाकू नका. रोगट बाग असेल तर जाणत्याने पाहिली आहे का, ते विचारा. एकटे मोठे झाड असेल तर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. लावले कोणी, त्याच्यावर घरटी आहेत का, बांधावरचे असेल तर पलीकडच्याला ठाऊक आहे का, परवाना लागतो का, आणि खड्ड्यात पुढे काय येणार, एवढे विचारा. उत्तर देताना धनी अडखळला, तर ते झाड त्या दिवशी काढण्याजोगे नाही असे समजा. आणि काढलेच तर खड्डा बुजवूनच निघा. पावसाने भरलेल्या खड्ड्यात लेकरू नाहीतर वासरू पडले, म्हणजे एका कर्मातून दुसरे उभे राहिले.

'असं विचारत बसलो तर धंदा दुसरा नेईल,' असे कोणी म्हणेल. नेईलही एखादे काम. पण गावात असा एक ट्रॅक्टरवाला आहे की जो विचारल्याशिवाय झाडाला साखळी लावत नाही, ही गोष्ट पसरली की लोकच बांधाचे आणि वाटणीचे नाजूक काम विश्वासाने त्याच्याकडे आणतात. विश्वास हाही धंद्याचा भांडवलच आहे. आणि समजा नाही आणले, तरी माळ गळ्यात घालताना फायदा होईल म्हणून तर कोणी घातली नव्हती.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात एका उलट्या झाडाचे वर्णन आहे. मूळ वर, फांद्या खाली. ज्ञानेश्वर महाराजांनी त्यावर किती बहारीचे विवरण केले आहे ते वाचकांना ठाऊकच आहे. ते झाड तोडायला शस्त्र सांगितले आहे असंगाचे. रानातले मूळ साखळीने निघते. मनातल्या हावेचे मूळ कोणत्याही अश्वशक्तीला दाद देत नाही. गंमत अशी की हे दुसरे मूळ जागेवर असले, म्हणजे पहिले मूळ उपटताना हात चुकतो: बांध सरकवावासा वाटतो, चार ओळींसाठी चिंच डोळ्यांत खुपते, भाड्यासाठी रात्रीचे काम पत्करावेसे वाटते. तेव्हा ज्याला मुळे उपटण्याचा धंदा करायचा आहे, त्याने रोज थोडे थोडे ते आतले मूळही मोकळे करीत जावे. ते अर्ध्या तासात निघायचे नाही. त्याला जुनीच रीत लागते, कुदळीची, दिवसामागून दिवस.

ज्याच्या हाती साखळी आहे त्याला ती कोठे बांधावी आणि कोठे सोडून द्यावी हे कळण्याची बुद्धी पांडुरंग देवो, आणि आपणा चालणाऱ्या सर्वांना पाच-पाच वडांना पाणी घालण्याचे बळ देवो, एवढीच त्याच्या चरणी विनंती करून हा लेख पुरा करतो.